नाव घाल, जागो नको

खाडीवाडी, ता. मालवण
२० ऑक्टोबर २०२३

चि. संचितास,
अनेक आशीर्वाद.

हातानेच लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. मोबाइलवर माझं बोट 'ळ'पर्यंत पोचेतो मनातलं वाक्य विझून जातं. शिवाय कागदावर लिहिलं की सावंतवाडीच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर बेनेडिक्टा पाठीशी उभ्या आहेत असं वाटतं. 'पत्राची सुरुवात मीपासून करू नये,' असं त्या म्हणत. बघ, केली नाही.

खाडीतल्या जागांची मी जमवलेली नावं ग्रंथालयाच्या कपाटात पडून राहण्यापेक्षा जगाला दिसावीत, ही तुझी कल्पना मला आवडली. तू बनवून दिलेल्या फॉर्ममध्ये रोज थोडी थोडी भरते. 'आजयेचो दात' भरला. तो खडक भरतीला बुडतो आणि सुकतीला दिसतो. सुकती म्हणजे ओहोटी, पुण्यात राहून विसरली असशील. 'भुताचो वळसो' भरला. तिथे माझा आजा होडी वळवताना नेहमी मोठ्याने गायचा. भीती वाटते म्हणून गातो हे त्याने शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

काल मिळालेलं नाव मात्र तुला सांगितल्याशिवाय झोप यायची नाही. आपल्या घराखालची लक्ष्मी तुला आठवते ना? लहानपणी तू तिच्या रिकाम्या टोपलीत बसायचीस. काल सुकतीला ती मला बरोबर घेऊन गेली. पाणी उतरलं की खाडीच्या मध्ये वाळूचा एक उंचवटा उघडा पडतो. वाडीतल्या बायका तिथे वाळूतली शिंपली, तिसऱ्या, वेचतात. घरच्या आमटीपुरत्या घेतात, उरल्या तर थोड्या बाजाराला. बारीक शिंपली हाती आली तर परत वाळूत खोचून ठेवतात. पुरुषांच्या तोंडी त्या जागेला नावच नाही. बायका आपसात तिला 'म्हायार' म्हणतात. माहेर! घरात 'म्हायारा जावन येतंय' म्हणायचं आणि निघायचं. तिथे सासूची हाक पोचत नाही. पाणी चढेपर्यंत कंबर वाकवून मनातलं बोलून घ्यायचं आणि मग परत सासरी. लक्ष्मीची सून अपेक्षा, ती रेडी गावची मुलगी, अर्धा वेळ तिसऱ्या वेचत होती आणि अर्धा वेळ फोनवर फोटो काढत होती. "सूनबाय, फोनाची आमटी होवची नाय," असं लक्ष्मीने तिला सुनावलं तेव्हा सगळ्या हसल्या.

मी लक्ष्मीला विचारलं, मला कशाला आणलंस? तर म्हणाली, "तुझा लगीन झाला नाय, म्हणजे तुका म्हायारच नाय मां! म्हटला चल, आमचा दाखवतंय."

संचिता, बासष्टाव्या वर्षी मला कोणीतरी माहेरी नेलं.

परतताना तिने बजावलं, "शालनबाय, नाव घाल तुझ्या कम्पुटरात. जागो घालू नको."

नाव घातलं. जागाही घातली, पण 'प्रकाशित करू नये' या चौकोनात खूण करून. कोरा रकाना मला बघवत नाही. आणि आम्ही गेल्यावर हे कुठे होतं ते कोणाला कळणार, असंही वाटलं. लपवलेलं दिसत नाही ना, तेवढं कळव.

तुझी,
शालूमावशी


पुणे
२४ ऑक्टोबर २०२३

प्रिय शालूमावशी,
सा. न.

दिसत नाही. मी आत्ताच उघडून पाहिलं. 'ठिकाण : दिलेले नाही' एवढंच येतं. निश्चिंत राहा. म्हायार वाचून मी ऑफिसात बसल्या बसल्या रडले, हे आईला सांगू नकोस.

आता माझ्याकडचं काम सांगते. तुझ्या प्रत्येक नावाला मी एक कायमचा पत्ता दिला आहे. म्हायारचाही एकच पत्ता आहे. पण त्या पत्त्यावर येणारे दोन प्रकारचे असतात. एक तुझ्यामाझ्यासारखी माणसं, त्यांना वाचायला पान हवं. दुसरी यंत्रं, कोणा विद्यापीठाची, कोणा संग्रहालयाची. त्यांना पान नको असतं, त्यांना नुसती माहिती हवी, म्हणजे ती त्यांच्याकडच्या माहितीला जोडून घेता येते. याला 'लिंक्ड डेटा' म्हणतात. विचारणारा विचारतानाच सांगतो, मला अमुक रूपातलं उत्तर चालेल. आपला सर्व्हर ते ऐकतो आणि त्याप्रमाणे रूप ठरवतो. या प्रकाराला 'कंटेंट निगोशिएशन' असं भारदस्त नाव आहे. वाळूचा उंचवटा काही तारेतून पाठवता येत नाही. म्हणून मूळ पत्त्यावर सर्व्हर आधी म्हणतो, 'ती वस्तू इथे नाही, तिच्याविषयी तिकडे पाहा,' आणि माणसाला एका दाराकडे पाठवतो, यंत्राला दुसऱ्या.

एक प्रश्न आहे. तू खूण केलेले रकाने मी पानावरून गाळले आहेत. पण मशीनने विचारलं तर सगळं द्यायचं की तिथेही गाळायचं? अर्धवट माहितीला कोणी जोडून घेत नाही, म्हणून मला स्वतःला सगळं द्यावंसं वाटतं. पण संग्रह तुझा आहे, तू म्हणशील तसं. पुढच्या महिन्यात हे काम मला एका परिषदेत दाखवायचं आहे, तेव्हा जरा लवकर कळव.

तुझी,
संचिता


खाडीवाडी
२ नोव्हेंबर २०२३

चि. संचितास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या 'निगोशिएशन'वरून मला आधी मासळीबाजारातली घासाघीसच आठवली. दोनदा वाचल्यावर कळलं, यात घासाघीस नाही. मागणाऱ्याने ताट दाखवायचं, वाढणाऱ्याने त्या ताटात शोभेल ते वाढायचं.

अगं, हे तर आम्ही जन्मभर करत आलो! बोर्डिंगातून सुट्टीला आले की मी आजीशी 'माका' बोलायचे, वडिलांच्या मित्रांशी 'मला' आणि सिस्टरचं पत्र आलं की 'प्लीज सिस्टर'. मुलगी एकच, विचारणारा बघून उत्तर. आणि लक्ष्मी! तलाठ्याच्या टेबलापुढे उभी राहिली की तिच्या तोंडून 'आहे' आणि 'नाही' असं इस्त्री केलेलं मराठी निघतं. बाहेर पायरीवर आली की लगेच 'आसा' आणि 'नाय'. मी एकदा चिडवलं तर म्हणाली, "परक्याक परक्यासारखाच देवचा. घरचा घरच्याक." तुझ्या सर्व्हरला हे वाक्य शिकव.

मशीनचं विचारलंस. मशीनपासून काय लपवायचं? ते काय टोपली घेऊन खाडीत उतरणार आहे? आमच्या ग्रंथालयातलं तर बिचारं फुलाफुलांच्या आवरणाखाली झाकलेलं असतं. त्याला खुशाल सगळं सांग.

लक्ष्मीने आज वाटीभर सोललेल्या तिसऱ्या आणून दिल्या. आता दर सुकतीला आणते. 'म्हायारचा वाटा' म्हणते.

तुझी,
शालूमावशी


पुणे
११ डिसेंबर २०२३

प्रिय शालूमावशी,
सा. न.

परिषद छान झाली! मी पडद्यावर म्हायारचं पान दाखवलं आणि तुझी आणि लक्ष्मीमावशींची गोष्ट सांगितली. नंतर चहाच्या वेळी सगळे तेच नाव म्हणून बघत होते. कोणी 'म्हयार' म्हणे, कोणी 'मायार'. आपली नावं आता दूरदूरच्या संग्रहांना जोडली गेली आहेत. रोज कुठली कुठली यंत्रं येऊन आपल्या खाडीची विचारपूस करून जातात. मी रात्री त्यांची यादी बघत बसते. शेजारीपाजारी डोकावून जावेत तसं वाटतं.

तू लिहिलेलं ते वाक्य मी शेवटच्या स्लाइडवर घातलं : परक्याक परक्यासारखा देवचा. टाळ्या पडल्या. त्या खरं तर तुझ्या.

तुझी,
संचिता


खाडीवाडी
१२ फेब्रुवारी २०२४

चि. संचितास,
अनेक आशीर्वाद.

इथे एक वाईट गोष्ट घडली आहे.

या अमावास्येच्या सुकतीला बायका म्हायारा गेल्या, तर तिथे आधीच होड्या लागलेल्या. नारिंगी जाकिटं घातलेली सहलीची माणसं, हातात चाळण्या, प्लास्टिकच्या बादल्या. मोठी, बारीक, सगळी शिंपली चाळून घेत होती. मुलं आनंदाने किंचाळत होती. त्या बिचाऱ्यांना काय माहीत! लक्ष्मीने एकाला विचारलं, "तुमका हंय कोणी आणल्यान?" त्याने फोन दाखवला. सहलीच्या कुठल्याशा ॲपवर आपली खाडी होती, आणि बरोबर त्या जागी लाल टिंब. 'शिंपल्यांचं बेट' असं कोणीतरी त्याचं बारसं करून टाकलेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा होड्या. तिसऱ्या दिवशीही. आता वाळू नुसती खणलेली पडली आहे. बायका गेल्या आणि रिकाम्या टोपल्या घेऊन परत आल्या.

लक्ष्मी माझ्याकडे आली. मला वाटलं, मला जाब विचारायला आली. तर म्हणाली, "तुका सायबाच्या भाषेत लिवक येता. एक अर्ज लिवन दे, बंद करूक सांग तेंका." मी लिहायला घेतलं. जागेचा तपशील कुठे तरी द्यावाच लागणार होता. मी पेन थांबवलं तर तीच म्हणाली, "घाल. आता लपवन काय करतलंस?"

आपल्याकडून तर नाही ना गेलं गं? मी आपलं पान लगेच उघडून पाहिलं. 'ठिकाण : दिलेले नाही' असंच आहे. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तरी तू एकदा सांग.

तुझी,
शालूमावशी


पुणे
१४ फेब्रुवारी २०२४

प्रिय शालूमावशी,

पान तू स्वतः पाहिलंस ना, मग झालं. हल्ली उपग्रहाच्या चित्रांत वाळूचे उंचवटे स्पष्ट दिसतात, आणि होडीवाल्यांनाही खाडी ठाऊक असते. फार विचार करू नकोस. अर्जाचं काय झालं ते कळव.

कामात आहे, सविस्तर नंतर लिहिते.

संचिता


खाडीवाडी
२७ मार्च २०२४

चि. संचितास,

सविस्तर लिहिते म्हणालीस, त्याला दीड महिना झाला. फोन केला तर तू हवापाण्याचं बोलतेस. म्हणून मीच लिहिते.

अर्जाचं काही झालं नाही. वाडीत मात्र एकच चर्चा आहे, जागो कोणी सांगल्यान? आणि सगळ्यांची बोटं अपेक्षाकडे. ती बाहेरची, रेडीची. ती फोन काढायची. तिने म्हायारावरचा एक फोटो मैत्रिणींना पाठवला होता, हे तिनेच सरळ मनाने सांगून टाकलं. त्या फोटोत चार टोपल्या आणि पाणी यापलीकडे काही नाही, पण ऐकतंय कोण! बायकांनी तिला बरोबर न्यायचं बंद केलं. तिचा नवरा ओमकार बोटीवर आहे, घरी असता तर काही बोलला असता. शेवटी लक्ष्मीने तिची बॅग भरली आणि म्हणाली, "चार दिस म्हायारा जावन ये." कोणत्या म्हायारा, हे सांगायची गरज नव्हती. त्याला आता तीन आठवडे झाले. बोलावणं गेलेलं नाही.

परवा शिमग्याला देवळापुढे सगळा गाव जमला. बायकांनी गाऱ्हाणं घालायला लावलं. परशुराम गावकराने नारळ हातात धरला आणि आपल्या त्या खणखणीत आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या बायलमानसांची जागो जेणा कोणी परक्याक दाखवल्यान असात, तेचा तोंड उघड कर रे म्हाराजा!" आणि सगळ्या गावाने साथ दिली, "व्हय म्हाराजा!"

मीसुद्धा दिली. लक्ष्मी माझ्या शेजारी उभी होती. तिचा हात माझ्या हातात होता.

आता मला खरं सांग. त्या पत्त्याला दोन दारं आहेत असं तूच लिहिलं होतंस. मी फक्त एकाच दारातून आत पाहिलं. दुसऱ्या दारातून काय जात होतं?

शालूमावशी


पुणे
२८ मार्च २०२४

शालूमावशी,

जागा जात होती. अक्षांश, रेखांश, सगळं.

आणि फेब्रुवारीत तुझं पत्र आलं त्याआधीच मला ते कळलं होतं. त्या ॲपवाल्यांनी मला आभाराची मेल पाठवली होती. 'तुमच्या खुल्या माहितीमुळे आमच्या पाहुण्यांना नवी जागा मिळाली.' त्यांचं यंत्र दुसऱ्या दाराने आलं, त्याला जे हवं होतं ते आम्ही अदबीने वाढलं. त्यांनी चोरी केली नाही. मी त्याच दिवशी ते दार दुरुस्त केलं आणि तुला काही सांगितलं नाही. 'पान तू पाहिलंस ना' हे वाक्य लिहिताना ते खरं आहे आणि तरीही खोटं आहे, हे मला माहीत होतं.

मी ॲपवाल्यांना लिहिलं आणि त्यांनी टिंब काढलं. पण मधल्या काळात ज्या ज्या यंत्रांनी आपली माहिती उतरवून घेतली, त्यांच्याकडे ती आहेच. ती परत मागायची कुठलीही सोय नाही.

अपेक्षाचं मला आज तुझ्याकडून कळलं. मावशी, तू आजच लक्ष्मीमावशींना सांग की संचिताच्या प्रोग्राममध्ये चूक झाली. माझंच नाव सांग. मी पुण्यात आहे, माझ्या अंगणात येऊन कोणी गाऱ्हाणं घालणार नाही. तुला तिथे राहायचं आहे.

संचिता


खाडीवाडी
५ एप्रिल २०२४

चि. संचितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. चूक प्रोग्रामची, प्रोग्राम पुण्याचा. त्या दिवशी मी व्यवस्थित जेवले. संध्याकाळी दिवा लावताना माझंच वाक्य कानात वाजलं : ते काय टोपली घेऊन खाडीत उतरणार आहे? तू विचारलं होतंस. सरळ विचारलं होतंस. मला वाटलं, मशीन म्हणजे आमचं ते फुलाफुलांच्या आवरणाखालचं. त्याच्या पलीकडे माणसं बसलेली असतात, होड्या असतात, बादल्या असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पण तोही बचावच झाला. लक्ष्मी 'जागो घालू नको' म्हणाली होती. 'लपवून घाल' असं ती म्हणाली नव्हती.

बोर्डिंगात ख्रिस्ती मुली शनिवारी कन्फेशनच्या रांगेत उभ्या राहायच्या. परत येताना इतक्या हलक्या होऊन यायच्या की आम्हा हिंदू मुलींना त्यांचा हेवा वाटायचा. मला तेव्हा वाटायचं, अवघड आहे ते बोलणं. आता कळतं, तिथे मध्ये जाळी असते आणि ऐकणाऱ्याचं काही गेलेलं नसतं.

लक्ष्मी अंगणात टोपलीचा काठ बांधत बसली होती.

"लक्ष्मी," मी म्हटलं, "जागा अपेक्षाने सांगितली नाही."

"मगे कोणी?"

आणि ऐक, तरीही मी काय म्हटलं, "संचिताच्या मशीनने."

ती हसायलाच लागली. "मशीन कसा सांगतला गो? मशीनाक कोणी सांगल्यान?"

"मी."

तिचा हात थांबला. "मी नाव घाल म्हटलंय."

"व्हय."

"जागो नको म्हटलंय."

"व्हय."

"मगे कित्याक घातलंस?"

माझ्याकडे उत्तरं होती गं. कोरा रकाना बघवत नाही, पुढच्या पिढ्यांना कळावं, चौकोनात खूण केली होती. सगळी शुद्ध, नीटनेटकी. तिच्यापुढे ठेवता येईल असं त्यात एकही नव्हतं.

"गाऱ्हाण्याक होतंस मां?" तिने विचारलं.

"होतंय."

"व्हय म्हाराजा म्हटलंस?"

"म्हटलंय."

ती उठली, आत गेली. मला वाटलं, दार लावून घेते आहे. तर चपला घालून, पिशवी घेऊन बाहेर आली. "चल. रेडीक जावया. हां जा माका सांगलंस, तां तिका सांग."

वेंगुर्ल्यात एसटी बदलली. पूर्ण वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती. रेडीला अपेक्षा अंगणात भांडी घासत होती. आम्हाला बघून उठली आणि राखेचे हात तसेच धरून उभी राहिली. मी सांगितलं. सगळं, तुझं नाव न घेता. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सासूकडे बघत होती.

"आये," ती म्हणाली, "माका एकदा तरी विचारलंस काय?"

लक्ष्मी तिथेच पायरीवर बसली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. "चुकलंय गो बाय," एवढंच ती म्हणत राहिली. चूक माझी होती, आणि रडत ती होती.

पाडवा झाला की येते, असं अपेक्षा शेवटी म्हणाली.

परतताना लक्ष्मी एसटीत माझ्या शेजारी बसली नाही. पुढच्या बाकावर जागा होती, तिथे बसली.

शालूमावशी


पुणे
८ एप्रिल २०२४

प्रिय शालूमावशी,

रेडीला तू माझं नाव घेतलं नाहीस, त्याने मला जास्तच लागलं. तुझं ते टोपलीचं वाक्य मला पहिल्यापासून आठवत होतं. तुझं उत्तर आलं तेव्हाच मला शंका आली होती की मशीन म्हणजे काय हे मावशीला कळलेलं नाही. एक ओळ लिहून विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण मला हवं होतं तेच उत्तर आलं होतं. परिषद जवळ होती.

जागा मी आता मुळातूनच पुसली आहे. लपवलेली नाही, पुसली. पण पत्ता उरतो. त्यावर कोणी आलं तर सर्व्हरने काय म्हणायचं, ते तू ठरव. तीन उत्तरं देता येतात. ४०४ म्हणजे 'असं काही सापडत नाही'. ४०३ म्हणजे 'आहे, पण तुम्हाला देणार नाही'. आणि ४१० म्हणजे 'इथे होतं, आता नाही, पुन्हा शोधायला येऊ नका'. की नाव तेवढं ठेवायचं? ते लक्ष्मीमावशींनी दिलेलं आहे.

या वेळी मी तुझं उत्तर दोनदा वाचून, समजून घेऊन मगच काम करेन.

तुझी,
संचिता


खाडीवाडी
१० मे २०२४

चि. संचितास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. लक्ष्मीला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही असं मनाशी घेतलं होतं, आणि विचारायची वेळ येत नव्हती.

अपेक्षा पाडव्यानंतर आली. ओमकार सुट्टीवर आला होता, तोच जाऊन घेऊन आला. आता ती बायकांबरोबर पुन्हा जाते. फोन घरी ठेवते. तिला कोणी सांगितलेलं नाही, आपणच ठेवते. होड्या येत नाहीत. तिसऱ्या अजून नाहीतच, पण वाळूत शिंपल्यांची बारीक कणी दिसायला लागली आहे, असं मी पाणवठ्यावर ऐकलं. मला म्हणून कोणी सांगितलं नाही. सांगणाऱ्या दोघी माझ्याकडे पाठ करून बोलत होत्या.

जागा माझ्याकडून गेली हे वाडीला कळलं आहे, पण माझ्याशी कोणी वाईट वागत नाही हो. समोर आले की सगळे हसतात, बाजूला होऊन वाट देतात. परशुराम गावकर तर म्हणाला, "देवान तोंड उघडल्यान, भांडाण मिटला." लक्ष्मी मात्र त्यानंतर माझ्या दारी आली नाही. ज्या वाटीतून ती शेवटचा वाटा घेऊन आली होती, ती अजून माझ्या फडताळात आहे. ती परत द्यायला म्हणून काल मी विहिरीपाशी तिची वाट बघत थांबले.

ती आली. मी वाटी पुढे केली. तिने घेतली, पदराने पुसली, कळशीवर पालथी ठेवली. मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून मी विचारलं, "लक्ष्मी, आज सुकती कधी आसा गो?"

तिने पदर सारखा केला.

"ओहोटी संध्याकाळी आहे, मॅडम."

मला वाटलं, चेष्टा करते आहे. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे राग नव्हता. तलाठ्याच्या टेबलापुढे उभी राहते तशी ती उभी होती, हात पोटाशी धरून, नम्र.

मग मी नावाचं विचारलं. म्हटलं, ते नाव तू दिलंस, कम्पुटरात ठेवू की काढू?

"तुम्हाला योग्य वाटेल तसं करा," ती म्हणाली. "मला त्यातलं काही माहीत नाही."

एकही चूक नव्हती तिच्या बोलण्यात. 'आहे', 'नाही', 'तुम्हाला'. सिस्टर बेनेडिक्टांनी शाबासकी दिली असती. कळशी कमरेवर घेऊन ती उतरणीने गेली, आणि खाली तिच्या अंगणातून तिचा आवाज आला, "अपेक्षा, खंय गेलंस गो?" मी तो ऐकत उभी राहिले.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ४०४ नको, ते खोटं आहे. ४०३ नको, ती मिजास आहे. ४१० ठेव. नावही काढ. आणि या वेळी दोन दारं नकोत. माणसाने विचारलं तरी तेच, मशीनने विचारलं तरी तेच, मी विचारलं तरी तेच. इथे होतं. आता नाही.

तुझी,
शालूमावशी